वाटी-चमच्याचं दशक

ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या एका महिला मासिकात मी पाककृतींचं सदर सांभाळत असे. वाचकांकडून येणाऱ्या कृती वाचायच्या, त्यांतल्या निवडक करून बघायच्या, मापं ठाकठीक करायची आणि मजकूर छापखान्याकडे धाडायचा, असं ते काम. रोजच्या टपालात सगळ्यांत जाड गठ्ठा याच सदराचा असायचा. 15 पैशांच्या पोस्टकार्डावर बारीक अक्षरात कोंबून बसवलेली कोथिंबीरवडी, आंतरदेशीय पत्राच्या सगळ्या घड्यांवर पसरलेलं खतखतं, मुलाच्या वहीचा पाठकोरा कागद फाडून त्यावर लिहिलेला बिनअंड्याचा केक. पुणे, मुंबई, नागपूर, सांगली इथली पत्रं असतच. पण इंदूर, बडोदा, भिलाई, जबलपूर इथूनही यायची. पत्राखाली पूर्ण नाव, गाव आणि बहुतेक वेळा ‘छापून आल्यास अंक पाठवावा’ ही विनंती.

आता त्या दहा वर्षांतल्या पदार्थांचा विषय निघाला की लोक दोन सुरांत बोलतात. काहींना ब्रेडचे गुलाबजाम आणि कस्टर्डमधलं फ्रूट सॅलड आठवून हसू येतं. काहींना तेव्हाच्या चवी आता कुठे उरल्या, अशी हळहळ वाटते. ज्या कृती माझ्या हाताखालून गेल्या, त्या मला तिसऱ्याच कारणासाठी मोलाच्या वाटतात. त्या काळातली छापील पाककृती म्हणजे घराचा जमाखर्चच होता. बाजारात काय मिळत होतं, रेशनवर काय आलं होतं, चुलीला इंधन कोणतं होतं आणि स्वयंपाक करणारी बाई कितीला घराबाहेर पडत होती, हे सगळं त्या दहा-बारा ओळींत नोंदलेलं असायचं. फक्त ते वाचता यायला हवं.

कामाची सुरुवात मापापासून होई. जुन्या पुस्तकांत शेर, छटाक, तोळे असत. 1962पासून देशभर मेट्रिक वजनं सक्तीची झाली. पण घरोघरच्या ओट्यावर तराजू नव्हता आणि तो येण्याची शक्यताही नव्हती. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि त्यांनी सगळी मापं वाटी-चमच्यात दिली. लग्न होऊन नव्या गावी, नव्या बिऱ्हाडात गेलेल्या मुलींना त्या एका गोष्टीने केवढा धीर दिला असेल! आमच्या सदराकडे येणाऱ्या पत्रांवर त्या पुस्तकाची छाप उघड दिसायची. ‘अंदाजे’, ‘बेताने’, ‘हाताला येईल तेवढं’ हे शब्द मागे पडून ‘दोन वाट्या’, ‘दीड चमचा’ असं लिहिण्याची सवय बायकांना लागली होती.

पण वाटी प्रत्येक घरची वेगळी. तरी कृती जमते, याचं कारण साधं आहे. जोवर कृतीतल्या सगळ्या वस्तू वाटीनेच मोजायच्या आहेत, तोवर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. अडचण येते ती ‘एक नारळ’, ‘एक लिटर दूध’ किंवा ‘एक डबा’ अशी वस्तू मध्ये शिरली की. ऐंशीच्या दशकात नेमकं हेच घडत होतं. कस्टर्ड पावडरचा पुडा, कन्डेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा डबा, गुलाबजामचं तयार पीठ, चायना ग्रासचं पाकीट, मॅगीचा पुडा यांची मापं कंपनीने ठरवलेली होती. एका बाजूला घरची वाटी आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचा डबा, यांची सांगड घालणं हे माझ्या कामातलं सर्वांत वेळखाऊ काम होतं.

त्यासाठी आम्ही एक वाटी कायमची ठरवून टाकली होती. तुळशीबागेतून आणलेली, सरळ काठाची, 150 मिलिलिटर पाणी मावणारी स्टीलची वाटी. तीत सपाट भरली तर साखर साधारण 125 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम आणि कणीक 80 ते 85 ग्रॅम बसायची. कणीक दाबून भरली की हेच वजन शंभराच्या वर जायचं. म्हणून ‘सपाट वाटी’ आणि ‘शीग लावून’ हा फरक आम्ही आवर्जून छापत असू. वाचकाच्या पत्रात डबा किंवा लिटर आलं की बाकीच्या वस्तू या वाटीने मोजायच्या, पदार्थ करायचा, आणि मग कृती पक्की करायची.

पदार्थ करून बघण्याची जागा म्हणजे कार्यालयाच्या मागच्या वाड्यात राहणाऱ्या एका काकूंचं स्वयंपाकघर. काकूंचा हात तयारीचा होता आणि मत परखड. मासिक त्यांना सामानाचे पैसे आणि थोडं मानधन द्यायचं. त्यांच्याकडे गॅस होता, वातीचा स्टोव्ह होता आणि परसात एक मातीची शेगडीही होती. कृती पक्की करायची तर ती गॅसवर जमून भागत नाही, स्टोव्हवरही जमली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तेव्हा तो रास्तच होता. गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ‘आमचा गॅसचा नंबर लागला’ ही पेढे वाटण्याजोगी बातमी होती. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांच्याकडेही बहुधा एकच सिलिंडर. तो संपला की दुसरा येईपर्यंत स्टोव्ह आणि रॉकेलची रांग.

म्हणूनच त्या काळच्या कृतींमध्ये ‘मध्यम आचेवर 12 मिनिटं’ असं फारसं सापडणार नाही. वातीच्या स्टोव्हची 12 मिनिटं, पंपाच्या स्टोव्हची 12 मिनिटं आणि गॅसची 12 मिनिटं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. त्याऐवजी खूण दिलेली असायची. पाक एकतारी व्हावा. मिश्रण कडेने सुटू लागावं. रव्याचा खमंग वास यावा पण रंग बदलू नये. तेल बाजूने दिसू लागावं. नव्या वाचकांना हे मोघम वाटतं. माझ्या मते मिनिटांपेक्षा हे जास्त नेमकं आहे, कारण कोणत्याही चुलीवर, कोणत्याही भांड्यात ते खरं ठरतं.

या सगळ्याचा नमुना पाहायचा तर सात कप वडी पाहावी. त्या दहा वर्षांत सर्वांत जास्त वेळा जी कृती टपालाने आली, ती हीच असावी. एक वाटी डाळीचं पीठ, एक वाटी ओलं खोबरं, एक वाटी दूध, एक वाटी तूप आणि तीन वाट्या साखर. झाल्या सात. सगळं एकदम जाड बुडाच्या कढईत घालायचं आणि ढवळत राहायचं. आधी पातळ होतं, मग बुडबुडे येतात, मग फेस वर येऊन मिश्रण जाळीदार दिसू लागतं, आणि कडा सोडून गोळा मध्ये जमायला लागला की तूप लावलेल्या ताटात ओतून गरम असतानाच वड्या पाडायच्या. पाक वेगळा करायचा नाही, तार बघायची नाही. यात एकही वस्तू वजनाने किंवा डब्याने मोजायची नसल्यामुळे ही कृती लिहून घ्यायचीही गरज नव्हती. लोकलच्या डब्यात, पाण्याच्या नळावर, बारशाच्या घरी एकीने दुसरीला सांगितली आणि ती लक्षात राहिली. एक सोडून बाकीचं सगळं एकेक, आणि साखर तीन. कृती गावोगाव कशी पोचते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

काकूंनी ती पहिल्यांदा केली तेव्हा मी शेजारी वही घेऊन उभी होते. पीठ न भाजता घालायचं म्हटल्यावर त्यांनी नाराजी दाखवली.

“अगं, कच्चं लागेल ते. डाळीचं पीठ आहे, रवा नव्हे.”

“काकू, पत्रात तसंच लिहिलंय. सगळं एकदम.”

“लिहू दे. आधी तिच्या पद्धतीने करू, मग माझ्या.”

दोन घाणे झाले. पहिल्या घाण्याची वडी मऊ पण किंचित कच्चट. दुसऱ्या घाण्यात अर्ध्या तुपावर पीठ खमंग भाजून मग बाकीचं घातलं होतं, तिला बेसनाच्या लाडवाचा वास. आम्ही दुसरी छापली आणि ‘पीठ आधी भाजून घेतल्यास चव वाढते’ ही ओळ घातली. त्यानंतर आलेल्या पत्रांत ती ओळ पुन्हा पुन्हा भेटत राहिली, दुसऱ्यांच्या नावावर. कृती छापील पानावरून घरात जाते आणि घरातून पुन्हा पत्रात येते, हे त्या वेळी प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

आता त्याच वडीत साखर किती ते पाहा. आमच्या वाटीने पावणेचारशे ग्रॅम. साखर कारखान्यांच्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकार लेव्ही म्हणून घेई आणि तो रेशनच्या दुकानात स्वस्तात मिळे. त्यावर लागणारी साखर खुल्या बाजारातून चढ्या भावाने आणावी लागे. म्हणजे एका ताटाच्या वड्यांत घरच्या रेशनच्या साखरेतला चांगलाच वाटा जायचा. त्यामुळे ही वडी दिवाळीत, हळदीकुंकवाला किंवा निकालाच्या दिवशी व्हायची. दिवाळीला रेशनवर जादा साखर, रवा, मैदा, पामतेल सुटायचं. ‘रेशनवर रवा आला का?’ हा प्रश्न आमच्या दिवाळी अंकाच्या तयारीचाही भाग होता. तुपाच्या जागी ‘तूप किंवा डालडा’ असं छापल्याशिवाय कृती पुरी होत नसे. साजूक तूप लोणी कढवून घरी व्हायचं, आणि ते वरणभाताला व पुरणपोळीला राखलेलं असायचं.

तेलाची गोष्ट त्याहून बिकट. देशात तेलबियांचं उत्पादन गरजेला पुरत नव्हतं आणि खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर परदेशातून येत होतं. महाराष्ट्राच्या घरांत शेंगदाण्याचं गोडंतेल आणि करडईचं तेल ही सवयीची तेलं. त्यांच्या किमती चढल्या की रेशनचं पामतेल घ्यावं लागे. थंडीत ते डब्यात थिजायचं आणि त्याला स्वतःचा वास असायचा. वाचक बायकांनी त्यावरही उपाय शोधले होते. तेल धुरावेपर्यंत तापवून त्यात आल्याचा तुकडा किंवा लिंबाची फोड तळून काढायची, म्हणजे वास कमी होतो, अशी पत्रं यायची. 1986 साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. दशकाच्या शेवटी शेवटी सूर्यफुलाचं तेल आणि सोयाबीन हे शब्द कृतींमध्ये रुळू लागले. सोयाबीनचं पीठ कणकेत मिसळावं, सोयाबीनच्या वड्या रश्शात घालाव्यात, अशा कृतींचा एक लोंढाच आला. त्यामागे विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात बदलत गेलेलं पीक होतं.

1972चा दुष्काळ पाहिलेल्या बायका त्या वेळी तिशी-चाळिशीत होत्या. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्यांच्या आठवणीत ताजी होती. 1987 साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. उरलेलं अन्न वाया घालवायचं नाही, हा त्यांचा नियम या अनुभवातून आलेला. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, वरणफळं, उरलेल्या भाताची थालीपिठं, फाटलेल्या दुधाचं पनीर, ब्रेडच्या कडांचा चुरा करून कटलेटला. पनीर मराठी घरांत असंच शिरलं. दुकानात ते सहज मिळत नव्हतं. पण दूध नासणं नेहमीचं होतं, आणि लग्नाच्या पंगतीत, नव्याने आलेल्या बुफेत मटर-पनीर लोकांनी खाल्लेलं होतं. मग उरलेला प्रश्न फक्त वड्या नीट पडाव्यात हाच. फडक्यात घट्ट बांधून वर पाट्याचा वरवंटा ठेवावा, असं एकीने लिहिलं होतं. ज्या वरवंट्याचं वाटपाचं काम मिक्सरने काढून घेतलं होतं, तो असा दुसऱ्या कामाला लागला.

मिक्सर आणि कुकर यांनी त्या दशकाच्या कृती बदलल्या, हे सगळेच सांगतात. पण कसं बदललं ते जरा बारकाईने पाहावं. कुकर त्याआधीपासून होता. ऐंशीच्या दशकात तो सर्वसाधारण घरांत सर्रास झाला. एका कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकावर एक ठेवून शिजवायचे, म्हणजे सकाळचं अर्धं काम एका शिट्टीत. पीसीआरए ही इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था डाळ-तांदूळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, असं सतत सांगत असे, आणि आमच्या वाचक ते कृतीतच लिहून टाकत: ‘डाळ तासभर भिजवावी, गॅस वाचतो.’ मिक्सरमुळे इडली-डोसा रविवारच्या न्याहारीत आला. त्याआधी तो उडप्याकडे जाऊन खायचा पदार्थ होता. मात्र लहान गावांतून आलेल्या पत्रांत ‘वीज नसल्यास पाट्यावर वाटावे’ ही ओळ हमखास असे. म्हणून आम्ही वाटणाच्या कृतीत दोन्ही रीती देत असू. पाट्यावरच्या चटणीला पाणी कमी लागतं, मिक्सरला जास्त. ते सांगितलं नाही तर चटणी पातळ होते.

कुकरचा आणखी एक उपयोग त्या काळच्या मुलांना आठवत असेल: वाळूवरचा केक. ओव्हन फार थोड्यांकडे होता. असला तर तो ॲल्युमिनियमचा गोल, विजेवरचा. बाकीच्यांनी कुकरच्या तळाशी दोन बोटं जाडीचा स्वच्छ वाळूचा थर पसरायचा, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही, वाळू चांगली तापली की वर जाळी ठेवून केकचं भांडं ठेवायचं आणि आच मंद करायची. वाळूमुळे उष्णता एका जागी न लागता सगळीकडून सारखी पोचते आणि तळ करपत नाही. अंडं न चालणाऱ्या घरांसाठी कन्डेन्स्ड मिल्कचा केक होता. तोही महाग वाटला तर दही आणि खायचा सोडा यांचा. दह्यातल्या आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि केक हलका होतो, हे शास्त्र कुणी त्या बायकांना शिकवलं नव्हतं. पण सोडा घातल्यावर पीठ थांबवून ठेवायचं नाही, लगेच भांड्यात ओतायचं, हे त्या ठळक अक्षरांत लिहीत.

नानकटाईची रीत तर आणखी सुरेख. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घरून घेऊन बायका बेकरीच्या भट्टीवर जायच्या. तिथे परातीत फेसायचं, मळायचं, गोळे करून भट्टीवाल्याच्या पत्र्यांवर मांडायचे, आणि त्याने ते भाजून द्यायचे. मजुरी किलोवर. पत्र्याचा नंबर लक्षात ठेवून आपली नानकटाई आपल्याच डब्यात भरून घ्यायची. त्या कृतीत भाजण्याची वेळ नसायचीच. भट्टीवाल्याला ते कळतं, असं गृहीत होतं. घरचं सामान, घरचे हात आणि बाजाराची भट्टी, असा तो व्यवहार होता.

टपालातून आणखी एक गोष्ट कळत होती: स्वयंपाकघरातल्या बाईचं घड्याळ बदललं होतं. नोकरी करणाऱ्या वाचकांची संख्या वाढत होती. ‘झटपट’, ‘रात्रीची तयारी’, ‘डब्यासाठी’ या मथळ्यांच्या कृतींना सर्वांत जास्त उत्तरं येत. 1983च्या सुमारास मॅगी आलं आणि दोन मिनिटांचा दाखला प्रत्येक घरात पोचला. तरी आमच्या वाचकांनी मॅगीही आपल्या पद्धतीने घेतलं: कांदा, टोमॅटो, मटार, वरून कोथिंबीर आणि लिंबू. पावभाजी गाडीवरून घरात आली. सोया सॉस आणि अजिनोमोटोचं पाकीट घेऊन चायनीज आलं. आकाशवाणीवरचं ‘वनिता मंडळ’ आणि दूरदर्शनवरचं ‘सुंदर माझं घर’ यांतून ऐकलेल्या-पाहिलेल्या कृती बायका भराभर उतरवून घेत. त्यात एखादं माप सुटलं की ते विचारायला आमच्याकडे पत्र येई. या नव्या पदार्थांना कुणी परके म्हणत असे. मला त्यांत घरच्या बाईची मोठी हुशारी दिसते. मुलांना हॉटेलचं हवं होतं, हॉटेलला पैसे नव्हते, म्हणून तिने हॉटेल घरी आणलं, आणि तेही आहे त्या सामानात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जमलेला तो ढीग म्हणजे त्या दशकातला महाराष्ट्राचा स्वयंपाक नव्हे. जिला लिहिता येत होतं, जिला दुपारी तासभर सवड होती आणि आपला पदार्थ छापण्याजोगा आहे असं जिला वाटत होतं, तिचंच पत्र येत होतं. मांसाहारी कृती अंकाच्या शेवटी, कधीमधी. सुक्या मासळीचे प्रकार त्याहून कमी. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या हजारो बायका रोज कित्येक कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करत होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कामगारांबरोबर या खानावळवाल्याही उघड्यावर आल्या. मोठ्या पातेल्यात, मोजक्या पैशांत, पन्नास जणांना रुचेल असा रस्सा कसा करायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. त्यांची एकही कृती आमच्या टपालात आली नाही. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं अन्न, त्यातल्या वाळवलेल्या मांसाच्या चान्या, भाकरीबरोबरची बिनतेलाची कोरड्यासं, हे पुस्तकात यायला 2015 साल उजाडावं लागलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ तेव्हा आलं. त्या पुस्तकाने आमच्या पिढीच्या पाककृतींच्या पानांतली रिकामी जागा केवढी मोठी होती, ते दाखवून दिलं.

म्हणून हे लिहिताना माझं वाचकांकडे एक मागणं आहे. ऐंशीच्या दशकात ज्या बायका पन्नास-साठ माणसांच्या पंगती उठवत होत्या, त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वह्या घरांत असतील तर त्या जपा. आणि ज्यांनी वही कधी केलीच नाही, त्यांच्याकडे आधी जा. ‘किती घालता?’ असं विचारू नका. ‘हातानेच घालते’ एवढंच उत्तर मिळेल. पीठ, तिखट, मीठ, तेल यांचे डबे त्यांच्या हाताशी ठेवण्याआधी वजन करून ठेवा, त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, आणि पदार्थ झाल्यावर डबे पुन्हा तोला. जेवढं कमी भरलं तेवढं त्यांचं माप. काकूंकडे आम्ही असंच करत होतो आणि ते कधी फसलं नाही.

कृतीखाली चार गोष्टी न विसरता लिहा: ती कुणाची, कोणत्या गावची, साधारण कोणत्या वर्षातली, आणि ती कोणत्या चुलीवर व कोणत्या वाटीने केली. वाटीत किती पाणी मावतं ते मोजून लिहा. पदार्थाचं नाव आणि सामानाची यादी आज कुठेही मिळते. त्या घराचा, त्या वर्षाचा आणि त्या हाताचा पत्ता दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तो विचारून घ्यायला आता फार वर्षं हाताशी नाहीत.